काळ्याखालचा रंग

बडोद्याचं घर विकायचं ठरलं तेव्हा माळा रिकामा करायचं काम माझ्या वाट्याला आलं. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. आई माझ्याकडे हैदराबादला राहायला आली होती. दादा पुण्यात, मार्चअखेरीमुळे त्याला सुट्टी मिळत नव्हती. फोनवर तो म्हणाला, "तुला हवं ते ठेव, बाकीचं भंगारवाल्याला दे. मला काही नको."

माळ्यावर पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, थर्मोकोलच्या मखराचे तुकडे होते, माझ्या शाळेच्या वह्या होत्या आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली, गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीतभर लांबीची वस्तू होती. सुतळी सोडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं. कागदावर तारीख मे १९८५ची होती. आत बाबांची गाडी होती. १९५७ची शेव्हरोले बेल एअर, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी. मागे दोन पंख, पुढे चंदेरी बंपर, आणि टपापासून दारांपर्यंत काळीकुट्ट.

या गाडीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सगळ्यांत जास्त वेळा ती मीच सांगितली आहे.

१९८१ साली बाबांना त्यांच्या कंपनीने तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ पाठवलं. मी तेव्हा दोन वर्षांची, दादा सात वर्षांचा. परत येताना इतरांसाठी आणलेल्या वस्तूंबरोबर त्यांनी दोन खोकी आणली, आणि ती स्वतःसाठी आणली आहेत हे त्यांनी लपवलं नाही. खोक्यात गाडी नसते, गाडीचे सुटे भाग असतात. प्लास्टिकच्या चौकटीला लगडलेले, फळं देठाला धरून असावीत तसे. ते एकेक कापून घ्यायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, रंगवायचे. हे संच एएमटी नावाच्या मिशिगनमधल्या कंपनीचे होते. ही कंपनी आधी मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करायची. पुढे १९५८पासून तिने लोकांना घरी जोडता येतील असे संच विकायला काढले. एकाच खोक्यातून तीन तऱ्हांची गाडी करता यायची: कारखान्यातून निघते तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. बाबांनी अर्थातच पहिली निवडली. सूचनापत्रात लिहिलंय त्यापेक्षा वेगळं काही करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

ती त्यांनी त्या पावसाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर जोडली. छोट्या गाड्यांचे वेगळे रंग बडोद्यात कुठे मिळणार? त्यांनी सायकलला लावायचा लाल ऑइलपेंट आणला, टर्पेंटाइनमध्ये पातळ केला आणि चित्रकलेच्या ब्रशने लावला. गाडी बैठकीतल्या काचेच्या कपाटात गेली. दुसरं खोकं मात्र उघडलं नाही. त्यात एक फोर्ड होती. ते दादा बारा वर्षांचा झाला की दोघांनी मिळून करायचं, असं ठरलं होतं.

१९८५च्या मे महिन्यात, म्हणजे बाराव्या वाढदिवसाला सहा महिने राहिले असताना, दादाने बाबांच्या लाल गाडीवर काळा रंग चढवला. खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला ऑइलपेंट. बाबा कामावरून आले तेव्हा गाडी गच्चीवर वाळत ठेवलेली होती. बाबांनी त्याला मारलं नाही. एकदाच विचारलं, "का?" दादा काही बोलला नाही. बाबांनी गाडी वाळू दिली, कागदात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. दुसरं खोकं त्यांनी पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाला देऊन टाकलं. मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की दादा मोरीत बसून रॉकेलने हात धूत होता आणि त्याच्या नखांतला काळा रंग निघत नव्हता.

ही गोष्ट मी शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, दादाच्या लग्नात सांगितली, त्याच्या मुलांना सांगितली. तीन वर्षांपूर्वी पुण्यात अनुवादावर बोलायला मला बोलावलं होतं, तिथेही सांगितली. तिथे ती उदाहरण म्हणून आली. मी म्हणाले, वाईट अनुवाद असा असतो: खाली अमेरिकेतून आणलेली लाल शेव्हरोले असते, आणि कुणीतरी हातात डबा आहे म्हणून वर काळा रंग फासतो. पुन्हा अनुवाद करणाऱ्याचं काम म्हणजे हा काळा रंग काढणं. लोक हसले. तिसऱ्या रांगेत दादा आणि वहिनी बसले होते. दादाही हसला. नंतर चहा घेताना म्हणाला, "छान बोललीस."

तर ती गाडी मी हैदराबादला आणली, आणि मनाशी ठरवलं की खरंच काळा काढायचा आणि बाबांचा लाल पुन्हा बाहेर आणायचा.

मी जाधवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. केलं. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटलं. पण अनुवादकाला एक सवय असते, आपल्याला न कळणाऱ्या कामाचे शब्द गोळा करायची. कादंबरीत सुतार आला की आम्ही सुताराकडे जाऊन बसतो. तशी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने गाडी हातात फिरवून पाहिली आणि एनसी थिनरची बाटली पुढे केली. दोन मिनिटांत साफ होईल म्हणाला. मी ती घेतली, पण गाडीला लावली नाही. माळ्यावरून मखराचा एक तुकडा सोबत आणला होता, त्यावर थेंब टाकला. थर्मोकोल चुर्र करून आत बसलं आणि तिथे भोक पडलं. लहानपणी मंडळाच्या मखराला कुणी ऑइलपेंटऐवजी स्प्रेचा रंग मारला की असंच व्हायचं. गाडी आणि मखर एकाच घराण्यातले. दोन्ही पॉलिस्टायरिन, एक भरीव आणि एक हवेने फुगवलेलं. थिनर, अॅसिटोन, अशा गोष्टी रंगाबरोबर पॉलिस्टायरिनही विरघळवतात. या गाड्या चिकटवायचा डिंकसुद्धा तेच करतो. तो दोन भागांच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवत नाही, दोघांच्या कडा वितळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात.

म्हणून रंग काढण्याचं सगळं कौशल्य एवढंच आहे, की रंगाला सोडवेल पण प्लास्टिकला हात लावणार नाही असं काही शोधायचं. औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल अॅक्रिलिक रंगाला चालतं. बाबांच्या आणि दादाच्या ऑइलपेंटला त्याने काही झालं नाही. गाडी फक्त स्वच्छ दिसायला लागली. जुन्या ऑइलपेंटसाठी हा छंद असलेली माणसं वर्षानुवर्षं ब्रेक ऑइल वापरत आली आहेत. गॅरेजवाल्यांना हे ठाऊकच असतं. गाडीच्या बॉनेटवर ब्रेक ऑइल सांडलं आणि पुसायचं राहिलं, की तिथला रंग फुगून सुरकुततो. त्यात ग्लायकॉल ईथर असतात. ते रंगाच्या थरात शिरतात, तो थर फुगतो आणि प्लास्टिकवरून सुटतो. मी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून 'डॉट ३' लिहिलेली अर्ध्या लिटरची बाटली आणली. कुठली गाडी, असं पोऱ्याने विचारलं. शेव्हरोले, मी म्हटलं.

पण एक अडचण होती, आणि तिने मला महिनाभर थांबवलं. बाबांचा लाल आणि दादाचा काळा हे दोन्ही ऑइलपेंट. जे काळ्याला सोडवेल ते लालला सोडणार नाही. वरचा थर काढून खालच्यावर थांबता येणार नव्हतं. माझं सभेतलं उदाहरण तिथेच अर्धं बाद झालं. काळ्याच्या खालून लाल गाडी निघणार नव्हती. काळा आणि लाल दोन्ही जाणार होते आणि हातात येणार होतं कोरं, पांढरं प्लास्टिक, कारखान्याच्या साच्यातून निघालं होतं तसं.

शेवटी मी स्वतःची समजूत घातली. टपाच्या आतल्या बाजूला काळा पोचलेला नव्हता. तिथे खिडक्यांच्या कडांवरून आत ओघळलेले बाबांच्या लालचे थेंब जसेच्या तसे होते. त्यांचा फोटो काढला, रंगाच्या दुकानात जाऊन पुस्तिकेतल्या छटांशी ताडून पाहिला, क्रमांक लिहून घेतला. सगळं काढायचं आणि पुन्हा तोच लाल द्यायचा, असं ठरवलं. अनुवादातही शेवटी असंच करतो. मूळ पुस्तक आपण जसंच्या तसं उचलून आणत नाही, त्याची छटा नोंदवून घेतो.

गाडी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. थंडीने जुना डिंक ठिसूळ होतो. सकाळी हलक्या हाताने पिळल्यावर सांगाडा सुटला, बंपर सुटले, काचा सुटल्या. मागच्या काचेला तडा गेला. बंपर बाजूला ठेवले, कारण त्यांच्यावरची चांदी म्हणजे निर्वात पेटीत चढवलेला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि तो साध्या ब्लीचनेही निघून जातो. मग फक्त वरचं कवच फ्रिजमधल्या भाजीच्या लांबट डब्यात ठेवलं, बुडेल इतकं ब्रेक ऑइल ओतलं, झाकण लावलं आणि बाल्कनीत ठेवून दिलं. हातमोजे घालायचे, वास घ्यायचा नाही, उरलेलं मोरीत ओतायचं नाही, बाटलीत भरून गॅरेजला परत द्यायचं. हे सगळं मी आईला दोनदा समजावून सांगितलं, कारण डबा तिचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. काळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. जुना टूथब्रश फिरवला तर बॉनेटवरून काळ्या-लालचा एकत्र पापुद्रा निघाला आणि खाली स्वच्छ पांढरं प्लास्टिक दिसलं. चाळीस वर्षांनी इतकं पांढरं. मी पुढे टपाकडे वळले. तिथला पापुद्रा नखाने उचलला, तो सहज निघाला, आणि बोटावर उलटा पडला.

आतली बाजू गुलाबी होती.

मी तो पाण्याने धुतला, पांढऱ्या बशीत ठेवला आणि चष्मा बदलून पाहिला. वर काळा. त्याला खालून चिकटलेला गुलाबी, मोत्यासारखी चमक असलेला. आणि त्या गुलाबीच्या खाली, कुठे कुठे, लालचे कण. प्रथम वाटलं बाबांनी लालच्या आधी अस्तर म्हणून काही दिलं असेल. पण अस्तर असतं तर ते लालच्या खाली असायला हवं होतं. हा गुलाबी लालच्या वर होता आणि काळ्याच्या खाली. बाबांनंतर आणि दादाच्या आधी, कुणाचा तरी हात या गाडीला लागला होता.

मग मी सगळे पापुद्रे बशीत मांडले. बॉनेट, डिकी, उजवी बाजू: काळा, लाल. टप आणि डावीकडचं दार: काळा, गुलाबी, लाल. कवच साबणाच्या पाण्याने धुऊन खिडकीत धरलं. जिथे फक्त लाल होता तिथे प्लास्टिक गुळगुळीत. जिथे गुलाबी होता तिथे ते खरबरीत झालेलं, बारीक भेगांची जाळी पडलेली, आणि त्या जाळीत ब्रशचे फटकारे स्पष्ट उमटलेले. रुंदी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. रंग निघाला होता, फटकारे निघाले नव्हते. मला दुकानातलं थिनर आठवलं आणि मखराला पडलेलं भोक. ऑइलपेंट प्लास्टिकच्या वर बसतो. हा रंग आत शिरला होता. दाराच्या कडेला, प्लास्टिक मऊ झालेलं असताना कुणीतरी धरलेलं असावं तसं, एक बोट उमटलं होतं. मी माझं बोट त्यावर ठेवून पाहिलं. माझ्या करंगळीनेही तो ठसा झाकून वर जागा उरत होती.

बशी घेऊन मी आईकडे गेले. काही न सांगता विचारलं, हा रंग कशाचा आहे. आईने बशी खिडकीकडे तिरकी केली. "अगं, हे तर माझं नेलपॉलिश. मावशीच्या लग्नासाठी घेतलेलं. दोनदा लावलं असेल नसेल. ती बाटली संपली कधी तेच कळलं नाही मला." मग तिने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि बशी हळूच खाली ठेवली.

नेलपॉलिश वाळतं ते ज्या द्रावकांमुळे, ते थिनरच्याच जातीचे. हे मला त्या दिवशी कळलं. मी गाडीला नेलपॉलिश लावलं, हे मात्र मला आजही आठवत नाही. आठवावं म्हणून मी खूप प्रयत्न केला. ती दुपार, ते कपाट, बाटलीचं झाकण. काही येत नाही. येतो फक्त मोरीत रॉकेलने हात धुणारा दादा. मला जे आठवत होतं त्यात काहीही खोटं नव्हतं. फक्त ते मधूनच सुरू होत होतं.

रात्री दादाला फोन केला. तो जेवत होता. म्हटलं, गाडीचा काळा रंग काढला.

"बरं."

"खाली गुलाबी आहे."

"हो," तो म्हणाला. "असणारच."

"दादा, तू बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प होता. वाटीत चमचा ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला माहितीये."

चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की मला माहीत आहे. त्याच्या लग्नात, त्याच्या मुलांसमोर, पुण्याच्या सभेत तिसऱ्या रांगेत बसून तो ऐकत होता आणि धरून चालला होता की मी जाणूनबुजून ही गोष्ट अशी सांगते. विचारलं, तुला राग नाही आला? म्हणाला, "आधी यायचा. दहावीपर्यंत खूप यायचा. नंतर वाटलं, तुझी सांगायची पद्धत असेल. तू लेखिका."

मी त्याला मोठेपणा द्यायला लागले तर त्याने तोही घेतला नाही. त्या दुपारी आई शेजारी गेली होती, आणि माझ्याकडे लक्ष द्यायचं काम त्याच्यावर होतं. तो पतंगाचा मांजा गुंडाळत बसला होता. आत आला तेव्हा गाडी गुलाबी झालेली आणि मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. त्याने फडक्याने पुसून पाहिलं तर गुलाबीबरोबर बाबांचा लालच फुगून यायला लागला. घरात दुसरा डबा नव्हता, गजांचा काळाच होता. "मी काही तुला वाचवत नव्हतो," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळी एकसारखी काळी केली तर कदाचित बाबांच्या लक्षातच येणार नाही. अकरा वर्षांचा होतो. आणि मग त्यांनी 'का' विचारलं तेव्हा इतकं सगळं कुठून सुरू करायचं तेच कळेना."

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. त्याच पुण्याच्या भाषणात मी आणखी एक उदाहरण दिलं होतं. ज्या बंगाली कादंबरीचा मी नव्याने अनुवाद करत होते, तिच्या जुन्या मराठी अनुवादात दोन परिच्छेद नाहीत. मी म्हणाले होते, अनुवादकाला ते जमले नाहीत म्हणून त्याने गाळले. पुढे कोलकात्याला एका ग्रंथालयात पहिली आवृत्ती हाती आली तेव्हा कळलं, की ते परिच्छेद तिच्यात नव्हतेच. लेखकाने ते पुढच्या आवृत्तीत घातले. अनुवादकासमोर पहिली आवृत्ती होती. त्याने एक शब्द गाळला नव्हता. मी अनुवादकाच्या प्रस्तावनेत ती चूक लगेच दुरुस्त केली. त्यात काही विशेष नाही, ते आमच्या कामाचंच आहे. कुठली आवृत्ती आधी, कुठली नंतर, कुणाच्या हातात काय होतं, हे पाहिल्याशिवाय कुणावर ठपका ठेवायचा नाही, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. अनोळखी अनुवादकाला मी तो न्याय दिला, थोडा उशिरा का होईना. घरातल्या माणसासाठी असं काही तपासून पाहायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही, कारण त्या गोष्टीची साक्षीदार मीच होते.

तेव्हा ते उदाहरण मी इथे मागे घेते. रंग काढण्याबद्दल जे बोलले होते, तेही. काळ्याखाली मला मूळ काही सापडलं नाही. बाबांचा लाल हातातून गेला. आता आहे तो पुस्तिकेतला एक क्रमांक आणि टपाच्या आत सुटलेले चार थेंब, जे मी ब्रेक ऑइलनंतर घासले नाहीत म्हणून अर्धवट राहिले. सापडला तो फक्त क्रम. आधी कोण, नंतर कोण, आणि मध्ये कोण. त्या क्रमाने बाबांबद्दलही एक प्रश्न उभा केला, ज्याचं उत्तर आता मिळणार नाही. बाबा नीट पाहणारे गृहस्थ होते. काळ्या रंगाखाली टप खरबरीत झालाय हे त्यांच्या बोटांना कळलं नसेल का? कळलं असेल आणि त्यांनी तरीही खोकं देऊन टाकलं असेल? आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यांनी गाडी परत हातात घेतलीच नाही. कागदात मीच गुंडाळली."

म्हणजे तेही मी चुकीचं सांगत होते.

पांढरं कवच आता माझ्या टेबलावर आहे, पंचाच्या तुकड्यावर. टपावरची जाळी भरून काढता येते. पुटी भरायची, वाळली की हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायची, अस्तराचा हात द्यायचा. वरून रंग दिल्यावर कुणाला कळणारही नाही. फटकारे जातील, दारावरचं बोटही जाईल. मी पुटी आणून ठेवली आहे. दादाला फोटो पाठवून विचारलं, भरू का. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं, "राहू दे. मी येतो तेव्हा बघू."

दिवाळीनंतर तो आठवडाभर येणार आहे. गेल्या रविवारी फोनवर मी त्याला लालचा क्रमांक वाचून दाखवायला लागले तर त्याने मध्येच थांबवलं.

"लाल नको."

"मग?"

"ती दुसऱ्या खोक्यावरची फोर्ड होती ना, ती निळी होती. गडद नाही, पाटीवरच्या निळ्या खडूसारखी. खोक्याच्या बाजूला तीन छोटी चित्रं होती, तीन तऱ्हांच्या गाड्यांची. मधली शर्यतीची. बाबांनी मला दर रविवारी ते खोकं हातात दिलं होतं, नुसतं बघायला."

मला त्या खोक्याचा रंग माहीत नव्हता. इतक्या वेळा गोष्ट सांगून, त्यात काय होतं हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

म्हटलं, ठीक आहे, निळा बघते दुकानात.

"तू काही बघू नकोस," दादा म्हणाला. "रंग मी घेऊन येतो. तू फक्त ब्रशला हात लावू नकोस."